माहिती निरंक

माझ्या कपाटात एक निळी फाईल आहे. आमच्या घरामागच्या नाल्याला बांधलेल्या भिंतीचे कागद तिच्यात आहेत. माझे दोन अर्ज, एक अपील आणि बाकी सगळी सरकारी उत्तरं. भिंत २०१६ च्या उन्हाळ्यात बांधली आणि २०१७ च्या जुलैत पडली. त्या रात्री नाल्याचं पाणी खालच्या आळीतल्या ११ घरांत शिरलं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. पण पिठाचे डबे, पोरांची पुस्तकं, एका आजींचं शिलाई मशीन, असं बरंच काही गेलं. त्या मशीनवरच आजींचं घर चालायचं.

मी आयुष्यात पहिल्यांदा माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि तावातावानं लिहिलं : भिंत का पडली? याला जबाबदार कोण? त्यांच्यावर काय कारवाई केली?

उत्तर ४१ व्या दिवशी आलं. पहिल्या दोन प्रश्नांना मिळून एकच ओळ : "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." आणि तिसऱ्यापुढे दोनच शब्द : "माहिती निरंक."

निरंक हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. सरकारी तक्त्यात एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीच नसलं, की तिथे 'निरंक' लिहितात. म्हणजे शून्य. पण शून्य म्हटलं तर कुणीतरी मोजून बघितलं असं वाटतं. निरंकमध्ये तसं काही नाही. तो रकाना भरायचा शब्द आहे. भरला की विषय संपला.

तेव्हा नुसता राग आला होता. पण पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, तसं लक्षात आलं की माझ्या हातातल्या त्या दोन ओळींना मोठी वंशावळ आहे. माहितीच्या अधिकाराचा इतिहास आपण बहुतेक वेळा मागणाऱ्यांच्या बाजूनं सांगतो : मोर्चे, धरणी, उपोषणं, कायदा. मला तो उत्तरांच्या बाजूनं बघावासा वाटतो. सरकार 'नाही' कसं म्हणतं आणि ते म्हणण्याची पद्धत कशी बदलत गेली, त्याचा हा इतिहास.

सुरुवात पुण्यापासूनच करता येईल. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद. इंग्रजांना त्यांचा उपयोग होता. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं, याची चौकशी त्यांवरून करता येत होती. पण ज्यांच्या आजा-पणजांचे ते कागद, त्यांना मात्र ते मोकळेपणानं बघता येत नसत. इतिहास संशोधकांनाही कित्येक दशकं तिथे मुक्त प्रवेश नव्हता. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, ते गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरचे आणि देवघरातले कागद गोळा करून. सरकारी दप्तराचं दार खऱ्या अर्थानं किलकिलं झालं ते गोविंद सखाराम सरदेसायांच्या वेळी. त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करून छापले. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं इथलं उत्तर एकच होतं : दप्तर सरकारचं आहे.

या उत्तराला कायद्याचं कवचही होतं. सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९ चा. कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये तो आणखी आवळला, आणि १९२३ मध्ये त्याला आजचं रूप आलं. हेरगिरी रोखणं हा त्याचा एक हेतू. पण त्यातली कलमं इतकी ऐसपैस, की कारकुनानं कुणाला साधा कागद दाखवला तरी त्याला भीती वाटावी. स्वातंत्र्यानंतर आपण बरंच काही बदललं, हा कायदा ठेवला. आपले मंत्री शपथ घेतात ती 'पद आणि गोपनीयतेची'. लहानपणी रेडिओवर हे शब्द इतक्यांदा ऐकलेत, की त्यात काही विचित्र आहे असं कधी वाटलंच नाही. लोकांनी निवडून दिलेला माणूस पहिल्याच दिवशी लोकांना काय सांगणार नाही, याची शपथ घेतो!

या काळातल्या उत्तराचं वैशिष्ट्य म्हणजे ते द्यावंच लागत नसे. अर्ज आला, बारनिशीत आवक नोंद झाली, पुढे गप्प. विचारायला गेलात तर 'साहेब दौऱ्यावर आहेत'. नकार होता, पण तो कुठे लिहिलेला नव्हता. त्यावर कुणाची सही नव्हती. त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागायची तर कशाच्या आधारावर?

न्यायालयांनी मधूनमधून वेगळा सूर लावला. १९७५ च्या राज नारायण खटल्यात प्रश्न होता पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेबद्दलच्या एका सरकारी पुस्तिकेचा. उत्तर प्रदेश सरकार ती न्यायालयात दाखवायला तयार नव्हतं. त्या निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी म्हटलं, की सरकारी माणसं सार्वजनिक पदावरून जे जे करतात, ते जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे. १९८१ च्या अखेरीस एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी खुलेपणा हा नियम आणि गुप्तता हा अपवाद, अशी मांडणी केली. १९८६ मध्ये पुणे कॅन्टोन्मेंटमधल्या बांधकाम परवानग्यांचे कागद बघण्याचा पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केला. हे सगळं मोलाचंच. पण खिडकीपलीकडच्या कारकुनापर्यंत निकालपत्रं पोचत नाहीत. तिथे जे पोचलं, ते राजस्थानातून.

ही गोष्ट अनेकांना ढोबळपणे माहीत असते. तिच्यातली सरकारी उत्तरं मात्र बारकाईनं बघण्यासारखी आहेत.

अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. मूळ भांडण मजुरीचं. दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. विचारलं की उत्तर मिळे, तुम्ही कामच कमी केलंत, मोजमाप पुस्तकात तशी नोंद आहे. मग ते पुस्तक दाखवा. ते दाखवता येत नाही, ते सरकारी आहे. आपण किती खणलं हे ज्या बाईला स्वतःच्या पाठीच्या दुखण्यावरून कळत होतं, तिला तिच्याच कामाची नोंद बघता येत नव्हती.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळालेले कागद गावासमोर मोठ्यानं वाचले गेले. या सुनवायांमधून काय काय बाहेर आलं! मस्टरवर मेलेल्यांची नावं, गाव सोडून गेलेल्यांची नावं, न झालेल्या कामांची बिलं. एकेक नाव वाचायचं आणि लोकांनी सांगायचं, हा कामावर होता की नव्हता. हिशेब तपासायची याहून सोपी पद्धत मला माहीत नाही. तिला फक्त दोन गोष्टी लागतात. कागद आणि नाव ओळखणारी माणसं.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं, की पंचायतीच्या कामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. घोषणा झाली, आदेश निघेना. वर्षभर वाट बघून ६ एप्रिल १९९६ पासून लोक ब्यावर शहरात धरण्यावर बसले. ते ४० दिवस चाललं. त्या काळात सरकारनं एक आदेश काढला खरा. पण काय? कागद बघता येतील, हातानं टिपून घेता येतील, झेरॉक्स मात्र मिळणार नाही.

मला हे उत्तर फार बोलकं वाटतं. बघा, पण घेऊन जाऊ नका. हातानं उतरवलेल्या टिपणाला पुरावा म्हणून किंमत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. आपल्याकडे सातबारा काढायला गेलेला कुठलाही शेतकरी सांगेल की 'बघितलं' आणि 'नक्कल मिळाली' यात काय फरक आहे. नकलेवर शिक्का असतो. ती उद्या कुणाच्या टेबलावर ठेवता येते. संघटननं तो आदेश नाकारला.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, जयपूरला पुन्हा धरणं. या वेळी ५३ दिवस. आणि त्याच्या शेवटी उपमुख्यमंत्र्यांनी जे सांगितलं त्यावर लोकांचा विश्वास बसेना : पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याची अधिसूचना सरकारनं सहा महिन्यांपूर्वीच काढलेली आहे! म्हणजे लोक रस्त्यावर बसून जे मागत होते, ते राजपत्रात येऊन पडलेलं होतं. ते कुणाला सांगितलंच नव्हतं. आमदारांनाही नाही, पत्रकारांनाही नाही. माहिती देण्याचा आदेशच गुप्त राहिला. एखाद्या कथालेखकानं हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

तोवर वारं फिरलं होतं. १९९६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली प्रेस कौन्सिलनं कायद्याचा मसुदा केला. १९९७ मध्ये तमिळनाडू आणि गोव्यानं कायदे केले. महाराष्ट्रानं २००० मध्ये केला, पण तो इतका मिळमिळीत होता की अण्णा हजारे आणि इतरांच्या रेट्यापुढे तो बाजूला ठेवून २००२ चा नवा कायदा आणावा लागला. त्यालाही राष्ट्रपतींची संमती अडली होती. ती मिळाली ऑगस्ट २००३ मध्ये, अण्णांचं आझाद मैदानावर उपोषण चालू असताना. केंद्रानंही २००२ मध्ये एक कायदा संमत केला होता, पण तो अमलात आणायची तारीखच कधी ठरली नाही. हेही एक उत्तरच म्हणायचं. शेवटी २००५ चा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. (तेव्हाचं जम्मू-काश्मीर सोडून.)

या कायद्याबद्दल बोलताना आपण 'माहिती मिळण्याचा हक्क' म्हणतो. तो आहेच. पण माझ्या मते त्यातली सगळ्यात हुशार कलमं नकाराबद्दलची आहेत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर तो नकार मानायचा, असं कायदा म्हणतो. म्हणजे गप्प बसण्यालाही कायद्यानं अर्थ दिला. नकार द्यायचा तर कारण लिहायचं, अपील किती दिवसांत आणि कुणाकडे करायचं तेही लिहायचं. नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं अधिकाऱ्यावर, मागणाऱ्यावर नाही. माहिती कशाला हवी, हे विचारायचं नाही. उशीर झाला तर माहिती फुकट द्यायची, आणि आयोगाला वाटलं तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड.

थोडक्यात काय, तर नकाराला सही आली. जो नकार आधी 'साहेब दौऱ्यावर आहेत' असा हवेत विरून जायचा, त्याला आता जावक क्रमांक मिळाला, दिनांक मिळाला, खाली एका हाडामांसाच्या माणसाचं नाव मिळालं. या बदलाचं महत्त्व मला निळी फाईल हाताळताना हळूहळू कळलं.

अर्थात सरकारी कचेरी ही हार मानणारी संस्था नाही. उत्तर लिहावं लागणार म्हटल्यावर उत्तरं लिहिण्याची कला वाढली. अर्ज करणाऱ्यांशी बोललात तर तीच ती वाक्यं सगळीकडे ऐकू येतात. 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.' खरं तर अशा वेळी अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तो पाठवतात, तिथून तिसरीकडे जातो, आणि कधी कधी फिरून पहिल्याच टेबलावर येतो. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे, प्रत्यक्ष येऊन अवलोकन करावे.' 'माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित आहे.' 'प्रकरण चौकशीवर आहे.' चौकशी चालू आहे एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्यानं चौकशीत अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलंय. पण ते वाक्य अजून छापून येतंच.

आणि सगळ्यांत नामी : 'अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही.' फाईल हरवली. हरवलेल्या फाईलला अपील कसं करणार? दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं, की नुसतं सापडत नाही म्हणून हात झटकता येणार नाहीत. कसून शोध घ्या, हरवायला कोण जबाबदार ते ठरवा. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा वेगळा कायदाही आहे. तरीही कागदांना पाय फुटतात.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नये. स्वीडननं १७६६ मध्ये सरकारी कागद लोकांना खुले केले, आणि सहा वर्षांत राजानं ते स्वातंत्र्य आवळलं. अमेरिकेचा कायदा १९६६ चा. कार्यालयांच्या टाळाटाळीमुळे १९७४ मध्ये तो दुरुस्त करावा लागला, तोही राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार ओलांडून. त्यानंतर लगेचच सीआयएनं उत्तराचा एक नवा नमुना काढला. बुडालेली सोव्हिएत पाणबुडी वर काढण्यासाठी त्यांनी 'ग्लोमार एक्सप्लोरर' नावाचं जहाज बांधलं होतं. त्याबद्दलचे कागद एका पत्रकार बाईंनी मागितले. उत्तर आलं, की असे कागद आहेत की नाहीत हे आम्ही सांगतही नाही आणि नाकारतही नाही. तेव्हापासून अशा उत्तराला त्या जहाजाचंच नाव पडलं. आमच्या नगरपालिकेच्या 'निरंक'चा हा मोठा, इंग्रजी बोलणारा भाऊ.

आता माझ्या 'प्रश्नार्थक'कडे येते. हे उत्तर आभाळातून पडलेलं नव्हतं. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं निकाल दिला, की कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत 'का' या प्रश्नाचं उत्तर बसत नाही. जे कागदावर आहे ते मागता येतं. एखादी गोष्ट का केली याचं समर्थन अधिकाऱ्याकडून मागता येत नाही. थंड डोक्यानं विचार केला तर यात तर्क आहे. माहिती अधिकारी म्हणजे साक्षीच्या पिंजऱ्यातला आरोपी नव्हे. गंमत पुढेच आहे. कचेऱ्यांनी 'का'बरोबर 'किती', 'केव्हा' आणि 'कुणी' यांनाही त्याच पिशवीत भरलं. अर्जात प्रश्नचिन्ह दिसलं की उत्तर तयार.

२०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचंही असंच झालंय. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येईल, असं सांगणारा हा निकाल. पण त्यातच असंही म्हटलंय, की देशातल्या ७५ टक्के कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यातच जावा, अशी अवस्था येऊ नये. अर्जदार पहिला भाग दाखवतात, कार्यालयं दुसरा.

उत्तर देणाऱ्यांची बाजूही आहे, आणि ती मला त्या कचेरीतच कळली. अपिलाची तारीख विचारायला गेले होते. बारनिशीला बसणारे गृहस्थ पन्नाशीचे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्याकडे आवक-जावक होतीच, शिवाय जन्ममृत्यूचे दाखले आणि निवडणुकीचं काम. माझा अर्ज त्यांनी पुन्हा एकदा वाचला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, 'का' लिहू नका. 'प्रत द्या' लिहा. कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची पानं, बिलाचं व्हाउचर. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत." दीडशे शब्द आणि एक विषय हा महाराष्ट्राचा २०१२ पासूनचा नियम. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका." त्याच बाकावर एक जण अर्ज मागे घ्यायचे किती, अशा वाटाघाटी फोनवर करत होता. असे लोकही या कायद्यानं पोसलेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'अर्जदार' म्हटलं की त्या गृहस्थांच्या कपाळावर आठी का येत असेल, ते तेव्हा समजलं.

मी नवा अर्ज केला. एकही प्रश्नचिन्ह नाही. सात कागदांची यादी आणि त्या प्रत्येकापुढे 'साक्षांकित प्रत द्यावी'. ३० दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी फार काही विचारलं नाही, १५ दिवसांत प्रती द्या म्हणाले. आल्या. उशीर झाल्यामुळे फुकट.

मोजमाप पुस्तकाच्या पानावर भिंतीची लांबी होती ४२ मीटर. रविवारी सकाळी खालच्या आळीतली दोन पोरं आणि मी टेप घेऊन गेलो. उभा भाग आणि पडलेल्या भागाचा पाया मिळून २७ मीटर भरले. पुन्हा मोजलं. २७ च. शिलाई मशीनवाल्या आजी ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कागदावर किती गं?" सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं झालं, कागदावरची तरी पडली नाही."

'का' या प्रश्नाचं उत्तर मला कुणीही दिलं नव्हतं. पण १५ मीटरचा तो फरक शिक्क्यानिशी माझ्या हातात होता. ब्यावरच्या लोकांना हातानं टिपून घ्यायची परवानगी का पुरली नाही, ते मला त्या सकाळी कळलं. त्या पानाच्या आधारानं आळीनं तक्रार केली. चौकशी लागली, ती अजून 'चालू' आहे. भिंत मात्र पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा बांधली, आणि या वेळी आळीतली माणसं रोज टेप घेऊन उभी होती. ती अजून उभी आहे. (भिंत.)

तक्रारीवर सह्या घेताना शेजारच्या काकांनी सही केली नाही. म्हणाले, "तळेगावचं आठवतंय ना?" १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टींचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमीन व्यवहारांमधले गैरप्रकार ते माहितीच्या अधिकारातून बाहेर काढत होते. काकांना मी भित्रं म्हणू शकले नाही. माहिती मागणाऱ्याला मिळालेल्या उत्तरांच्या यादीत हेही एक उत्तर आहे. त्याच्यावर मात्र कुणाची सही नसते.

हा इतिहास इथे संपवता आला असता तर बरं झालं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनं माहिती आयुक्तांची ५ वर्षांची ठरलेली मुदत गेली. मुदत आणि पगार ठरवणं केंद्र सरकारच्या हाती आलं. पाठोपाठ २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहितीच्या अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगी आयुष्यात अकारण घुसखोरी होते, हे बघावं लागे. जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असा मापदंडही तिथे होता. आता या अटी गेल्या. माहिती वैयक्तिक आहे, एवढं पुरतं. व्यापक जनहितासाठी ती देता येईल असं दुसरं कलम शिल्लक आहे. पण ते वापरायचं धाडस दाखवायचं कुणी? जन्ममृत्यूचे दाखले सांभाळून माहिती अधिकाऱ्याचं टेबल चालवणाऱ्यानं?

खासगीपण जपायला हवं, यात वाद नाही. पण कोट किरानाचं मस्टर म्हणजे दुसरं काय होतं? नावांची यादीच ना! नावं वाचली म्हणून मेलेली माणसं सापडली. नावं झाकून नुसती बेरीज वाचली असती, तर बेरीज बरोबरच निघाली असती. माझ्या मोजमाप पुस्तकाच्या पानावरही 'मोजमाप घेतले' आणि 'तपासले' यांपुढे दोन नावं आणि दोन सह्या आहेत. उद्या कुणी अशाच भिंतीचं पान मागितलं आणि ती नावं काळ्या शाईनं झाकून आली, तर भिंत किती कमी भरली ते कळेल. कुणी मोजली ते कळणार नाही.

मध्यंतरी कामासाठी पुन्हा त्या कचेरीत जाणं झालं. बारनिशीला आता एक तरुण मुलगी बसते, समोर संगणक आहे. ते चष्मेवाले गृहस्थ निवृत्त झाले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या फाईलमधल्या एकाही कागदावर ते नाही.